फ्लॅटची चतुःसीमा

वडवणीच्या बसस्थानकात बीडच्या गाडीची वाट बघणाऱ्या वनमालाबाईंचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथं सुंदरराव आपल्या मित्राला, ख्वाजाभाईला, लेक आरोहीसाठी पुण्यात बघितलेल्या फ्लॅटचं सांगत होते.

“घेतला का मंग, सुंदरराव?”

“न्हाई. मी बिल्डरच्या माणसाला इचारलं, चतुःसीमा सांग.”

“फ्लॅटची?”

“त्योबी असाच हसला. म्हनला, आजोबा, हे वावर न्हाई. आरोही लई लाजली. तिनं आधीच मला धोतर सोडून पँट घालायला लावलीती.”

“मंग?”

“वावर घेताना आपण चारी बांधांवरच्या लोकांना इचारतो का न्हाई? तसं मी त्या मजल्यावरची चारी दारं वाजवली.”

“काय कळलं?”

“बिल्डिंगला भोगवट्याचा दाखलाच न्हाई. म्हंजी लोकांनी राहायचा सरकारी परवानाच न्हाई. म्हणून नळबी न्हाई. पाच वर्षं टँकरचं पाणी पितेत.”

“या अल्ला! पोरगी काय म्हनली?”

“काल फोन आला, दुसरा फ्लॅट बघितलाय. म्हनली, आबा, आधी तुमी दारं वाजवा, मंगच मी सही करते.”

“वा!”

“आन् म्हनली, धोतरावरच या.”