पान दोनशे बारा

टपाल कार्यालयात पार्सलांच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक वृद्ध दांपत्य उभे होते. आजोबांनी हाती आलेले पार्सल तिथेच फोडले. आत एका सेनापतीच्या युद्ध-आठवणींचा जुना, दुसरा खंड होता.

"अहो, घरी जाऊन उघडा की. लोक खोळंबलेत."

"एकोणीस वर्षं थांबलोय मी. लोक दोन मिनिटं थांबतील."

"कपाटात चाळीस सेनापती आहेत तुमचे. एकानं तरी कधी चूक कबूल केलीये?"

"म्हणून तर हीच प्रत हवी होती. आपल्या पहिल्या खंडाच्या समासात हिरव्या शाईनं कुणीतरी लिहिलंय ना, 'पुलाचं खरं काय ते दुसऱ्या खंडात, पान दोनशे बारा'?"

"तोंडपाठ झालंय मला ते. पण ही त्याच माणसाची प्रत कशावरून?"

"हे बघ. हिरवी शाई!"

"अगंबाई! द्या इकडे. सेनापती म्हणतात, 'मी एका दिवसात नदीवर पूल उभारला.'"

"आणि समासात?"

"'साफ खोटं. चार दिवस लागले. साहेब तेव्हा तापानं झोपून होते. पूल मी आणि माझ्या अकरा सुतारांनी बांधला.' खाली अकराच्या अकरा नावं आहेत हो!"

"सापडला! पठ्ठ्या सापडला!"

"हळू. सगळे बघतायत."

"बघू देत. रद्दी गोळा करतो म्हणायचीस ना मला?"

"म्हणायचे. आता सरका, उजेड अडवू नका. आणखी एक ओळ आहे... 'माघारीचं खरं काय ते तिसऱ्या खंडात.'"

"म्हणजे आणखी एकोणीस वर्षं?"

"उभे काय राहिलात? हा खंड पाठवणाऱ्या पुस्तकवाल्याला आत्ताच्या आत्ता फोन लावा!"