झाडाच्या तब्येतीसाठी

—नाही नाही बाई, शपथेवर सांगतो, ह्या कोर्टाच्या बाकावर हात ठेवून, यातला शब्दन् शब्द खरा आहे. डुकरीण आडवी आली. पांढरीशुभ्र. म्हणजे काळ्या ठिपक्यांची — धुकं होतं ना, ठिपके मागाहून दिसले. तुम्ही विणा हो, विणता विणता ऐका. आत बोलावतील त्याआधी एकदा मोठ्यानं म्हणून बघतो, एवढंच.

मी रूबेन गॉडसॉल. सफरचंदं पिळतो. ट्रेलरवर घाणा बसवलाय, सप्टेंबर ते नोव्हेंबर हेरफर्डशरची गावं फिरायची, लोकांच्या परसातली फळं पिळून तिथल्या तिथे रस बाटल्यांत भरून द्यायचा. आता ट्रेलर ओढायला गाडी लागते आणि गाडीला लायसन — ते काढून घेतलं तीन वर्षांसाठी. दारू पिऊन चालवली म्हणून. दोन वर्षं भरली की लवकर परत मागता येतं, तोच माझा अर्ज. पण मी चालवताना प्यायलो कुठे? आदल्या संध्याकाळी प्यायलो! जानेवारीत नाही का आपण झाडांना गाणी म्हणत — सगळ्यात म्हाताऱ्या झाडाभोवती जमायचं, मुळांशी सायडर, आपली सफरचंदाची दारू, ओतायची, फांदीला भाजका पाव अडकवायचा, भांडी बडवायची आणि झाडाच्या तब्येतीसाठी प्यायचं. आता तुम्हीच सांगा, झाडाच्या तब्येतीसाठी पिताना हात आखडता घ्यायचा? झाड केवढं मोठं! सकाळी आठला दोन अंडी खाऊन निघालो. झोप झाली म्हणजे उतरली, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. पोलिसांची ती फुंकायची नळी तसं धरत नाही. पहिल्या वेळीसुद्धा मी त्यांना हेच — पहिल्या म्हणजे — जाऊ द्या. बरं, दोनदा. दोनदा पकडलं. त्याशिवाय का तीन वर्षं मिळतात? टाका सुटला बघा तुमचा.

तेव्हापासून गाडी हेस्टर चालवते, माझी बायको. झकास चालवते, फक्त ट्रेलर मागे घेता येत नाही. मग मागे घ्यायची वेळच येणार नाही असे रस्ते शोधायचे. शेजारच्या गावाला आम्ही पार हद्दीपलीकडच्या वेल्समधून जाऊन येतो! एकदा पाद्रीबाबांच्या अंगणात शिरलो, पुढे वाट नाही. बिचाऱ्यांनी कुंपण उपटून दिलं, गेलो गुलाबांतून. मी आपला शेजारी, मांडीवर नकाशा, आणि गप्पा — तीस वर्षांच्या संसारात झाल्या नसतील तेवढ्या. पहिले तीन महिने सोडून. तेव्हा ती माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलायची. ‘सांग रे त्याला, चहा झालाय.’ कुत्रा निदान बोलवायला तरी यायचा.

आता तिला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन फेब्रुवारीत, तोवर गाडीला हात लावायचा नाही म्हणाला डॉक्टर. सफरचंदं थांबतात का फेब्रुवारीपर्यंत? चाळीस बागा वाट बघतायत. आज आत ‘नाही’ म्हणाले तर सगळी फळं गवतात सडणार, आणि घाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार. म्हणून डुकरीण नीट पाठ हवी. दारू? तेव्हापासून थेंब नाही, हे मात्र — हो, हे खरं. गोड रस पितो. पुरावा हे काय पोट, पट्ट्याबाहेर आलंय. तर डुकरीण आडवी आली, मी चाक फिरवलं, आणि आदळलो — कशावर?

झाडावर. कुठल्या काय — त्याच. हेस्टरच्या वडिलांनी फाटकाशी लावलेलं. संध्याकाळभर ज्याला दीर्घायुष्य मागितलं, ते सकाळी रस्त्यावर आडवं. दुधाची गाडी अडली, पोलीस आले. हेस्टर सपाता घालून बाहेर आली, फांदीला पाव अजून तसाच होता, तो काढला, पाखरांसाठी भिंतीवर ठेवला आणि आत गेली. शिव्या तरी द्यायच्या ना माणसानं!

पण सफरचंदाचं झाड असं मरत नाही, बाई. बुंधा रस्त्यातून ओढून घेतला, मुळं निम्मी जमिनीतच होती, पडल्या पडल्या धुमारे फुटले. यंदा फळं धरली. शंभर! — अकरा. हे त्यातलं एक. आज सकाळी हेस्टरनंच खिशात घातलं, डोळ्याजवळ नेऊन डाग नाही ना ते बघून. म्हणाली, आत काय बोलायचं ते बोल, फक्त त्या डुकराला मध्ये आणू नकोस. आता ते नाही आणलं तर उरतं काय माझ्याकडे, तुम्हीच सां—

आलो! गॉडसॉल, हो, मीच! आलो!

हे घ्या, तुम्ही खा, आंबट आहे थोडं. आणि ऐका — डुकरीण नव्हती. धुकंही नव्हतं, लख्ख ऊन होतं, रस्ता रिकामा. मला डुलकी लागली. झालं, निघालं तोंडातून एकदाचं. सरका आता, पाय घ्या आत, विसरायच्या आधी जाऊ द्या मला.