मेंढरांपाशी कोण थांबलं

सूर्यभान : हापसा नुसता खडखडायलाय, ताई. पाणी हाय का न्हाई ह्याला?

अर्पिता : आहे मामा. खाली गेलंय, वर यायला वेळ लागतो. थांबू नका, हापसत राहा.

सूर्यभान : आवारात मेंढरं घातली, कुणी बोलणार न्हाई ना? मागच्या गावात एकानं बोअरपाशी उभं राहू दिलं न्हाई. म्हणला, लेंड्या पडतेत. वावरात पडाव्या म्हणून हेच लोक बोलवून नेतेत, अन् दारात पडल्या की शिव्या.

अर्पिता : इथं बोलायला मी एकटीच आहे. पाजा निवांत. कुठून आलात?

सूर्यभान : जिंतूरकडून. झरीच्या एका मालकानं सोयाबीनचं रान मोकळं ठेवलंय, तिथं बसवायची हायेत. हे देऊळ कुणाचं म्हणायचं?

अर्पिता : चर्च आहे हे. आज नाताळची संध्याकाळ, आमची उपासना असते. प्रार्थना, गाणी, वाचन.

सूर्यभान : तरीच कंदील लावलाय. मग लोक यायलेत की. मी आवरतो बिगीबिगी.

अर्पिता : घाई नको. कोणी येणार नाही.

सूर्यभान : सण हाय अन् कुणी येत न्हाई?

अर्पिता : पूर्वी सहा घरं होती आमची. कोणी पुण्याला गेलं, कोणी नांदेडला. मागच्या वर्षी दोन कुटुंबं तरी आली होती. उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांचा दुपारी फोन आला, ताप आहे, घरच्या घरी प्रार्थना करा म्हणाले. माझा भाऊ येणार होता. त्यानं सकाळी कळवलं की पुण्याच्या चर्चमध्ये त्याला गाण्यात उभं राहायचंय, पुढच्या वर्षी नक्की येतो.

सूर्यभान : म्हणजे तुमी एकट्याच.

अर्पिता : बाबा आहेत, मागच्या खोलीत. लकवा झालाय त्यांना. बोलणं तेवढं शाबूत आहे. हे चर्च त्यांनीच सांभाळलं, घंटा वाजवण्यापासून सगळं. आता पडल्या पडल्या एकच विचारतात, कोणी आलं का. मघाशी मी नाही म्हटलं, तर म्हणाले, अजून वेळ आहे.

सूर्यभान : आता इचारलं तर?

अर्पिता : तेच कळत नाही. म्हणून कुलूप हातात घेऊन पायरीवर बसले होते.

सूर्यभान : सांगायचं, धा-बारा जण आले. आजारी माणसापाशी तेवढं खोटं चालतंय.

अर्पिता : ते लगेच विचारतील, कोण कोण. मग बारा नावं आणू कुठून? आणि मला जमतही नाही, मामा. परभणीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे मी. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय लागलीय. बाबांना माझा चेहरा बघूनच कळतं.

सूर्यभान : परभणीला नोकरी, अन् ऱ्हायला हितं?

अर्पिता : बाबांना सोडून कुठं जाणार? रोज बसनं जाते-येते. पुढं शिकायला पुण्यात जागा मिळाली होती, ती सोडली. भाऊ म्हणाला, तू आहेस तिथं म्हणून मला काळजी नाही. चांगलंच बोलला तो. मला उगाच राग आला.

सूर्यभान : उगाच कामून? येतोच राग.

अर्पिता : आलं बघा पाणी. आणि तुम्ही एवढी मेंढरं घेऊन एकटेच?

सूर्यभान : समदे पोखर्णीला गेल्यात. धाकट्या भावाला, परमेश्वरला, पोरगं झालं. लग्नाला लय वर्सं झाली होती, देवाला बोलले होते. नरसिंहाच्या पायावर लेकरू घालायचं, अन् तिथंच नाव ठेवायचं. दादा, वहिनी, बिऱ्हाडातलं समदं माणूस गेलं.

अर्पिता : तुम्ही नाही गेलात?

सूर्यभान : मेंढरं कुणी बघायची? दादा म्हणला, सूर्यभान थांबंल. इचारलं बी न्हाई मला. बायको वारली, लेकरूबाळ न्हाई. जो मोकळा तो थांबतो. परमेश्वरच्या लग्नात बी मीच थांबलो होतो. आई गेली तवा बी मेंढरांपाशीच. खबर आली तवर राख सावडून झाली होती.

अर्पिता : कधी येणार आहेत ते?

सूर्यभान : काल येणार होते. फोन लावला, उचलत न्हाईत. गर्दी असंल, ऐकू येत नसंल.

अर्पिता : नाव काय ठेवलं बाळाचं?

सूर्यभान : त्येच तर ठाऊक न्हाई. तुमचा हा सण कशाचा असतोय?

अर्पिता : बाळाच्याच जन्माचा. येशूच्या. आणि त्याची खबर सगळ्यात आधी मेंढपाळांना मिळाली.

सूर्यभान : थट्टा करायलाव व्हय?

अर्पिता : नाही. आमच्या शास्त्रात, बायबलात, आहे तसं. रानात रात्रीचे मेंढरं राखत बसले होते ते. एकदम उजेड पडला, देवदूत समोर उभा. ते घाबरले. तो आधी हेच म्हणाला, की भिऊ नका, सगळ्या लोकांसाठी आनंदाची खबर आणलीय, तुमचा तारणारा जन्मलाय.

सूर्यभान : राजाला सोडून मेंढक्याला सांगितलं? आमाला खबर समद्यात शेवटी कळते, ताई. सरकार बदललं तरी म्हैनाभर कळत न्हाई.

अर्पिता : मीही बाबांना हेच विचारायचे लहानपणी, त्यांनाच का? ते म्हणायचे, देवदूतानं खूण काय दिली ते बघ. बाळ कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं दिसेल. राजवाड्यात जन्मलं असतं, तर या लोकांना दारातच अडवलं असतं. गोठ्यात कोण अडवतो? देव त्यांना परवानगी न मागता जाता येईल अशा ठिकाणी आला.

सूर्यभान : अन् गेले ते?

अर्पिता : लगोलग गेले.

सूर्यभान : मेंढरं कुणापाशी टाकली?

अर्पिता : ते लिहिलेलं नाही.

सूर्यभान : न्हाई कसं?

अर्पिता : खरंच नाही. किती जण होते तेही नाही. मी इतक्या वेळा वाचलंय, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही.

सूर्यभान : समदे उठून जात नसतेत. लांडगा काय सण बघतोय? देव बोलवू द्या न्हाईतर सासरा बोलवू द्या, एक जण थांबतोच. थांबला असणार कुणीतरी.

अर्पिता : असेल.

सूर्यभान : त्यानं उजेड बघितला, खबर ऐकली, अन् लेकरू तेवढं बघायचं ऱ्हायलं.

अर्पिता : हो.

सूर्यभान : परत आले का ते? का तिकडंच रमले?

अर्पिता : परत आले. हे मात्र लिहिलंय. जे पाहिलं, ऐकलं, त्याबद्दल देवाची स्तुती करत परत आले.

सूर्यभान : मग कळलं त्याला. उशिरा का व्हईना.

अर्पिता : कळलं असणार. तसं बघितलं तर आम्ही सगळे त्या थांबलेल्यासारखेच, मामा. त्या गोठ्यात आमच्यापैकी कोण होतं? कोणीतरी जाऊन आलं, त्यानं सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. मी मात्र स्वतःला गेलेल्यांत धरत होते. म्हणूनच बहुतेक मागं राहणं इतकं लागलं.

सूर्यभान : आत मांडलंय का तसलं? गव्हाण अन् लेकरू?

अर्पिता : मांडलंय. दर वर्षी बाबा मांडायचे, यंदा मी मांडलं. बघता का?

सूर्यभान : बघितलं असतं. पण मेंढरं हायेत न्हवं.

अर्पिता : मी थांबते मेंढरांपाशी.

सूर्यभान : तुमी?

अर्पिता : माती राखते, मेंढरं नाही का राखणार?

सूर्यभान : माती पळत नसती, ताई.

अर्पिता : काय करायचं ते सांगा. तसंच करीन.

सूर्यभान : काय न्हाई. रस्त्याच्या अंगाला उभं ऱ्हायचं, काठी आडवी धरायची. पळायचं न्हाई. तुमी पळलाव की ते बी पळतेत. ती काळ्या तोंडाची हलली की समदी हलतेत, तिच्यावर ध्यान ठेवा. अन् तोंडानं उलीसं बोलत ऱ्हावा.

अर्पिता : काय बोलू?

सूर्यभान : काय बी. मी तर आईशी बोलतो. ताई, माझ्या अंगाला वास येतोय मेंढराचा.

अर्पिता : त्या गोठ्यातही येतच असेल. जा तुम्ही.

(सूर्यभान काठी तिच्या हातात देतो, चपला पायरीखाली काढून आत जातो. बऱ्याच वेळानं बाहेर येतो. त्याच्या डोक्याचा रुमाल डोक्यावर नाही.)

अर्पिता : एकही हललं नाही. ती काळ्या तोंडाची मात्र माझी ओढणी चघळत होती. काय बघितलंत?

सूर्यभान : तुमीच मांडलं अन् मलाच इचारता?

अर्पिता : मांडताना मी फक्त जागा मोजत होते, काय कुठं बसेल ते. सांगा ना.

सूर्यभान : लेकरू हाय. डोळे मिटलेत. आई बसलीय, दमलेली दिसती. बाप उभाच हाय, त्याला कुणी बस म्हणलं न्हाई वाटतं. एक कोकरू लंगडं हाय.

अर्पिता : मातीचं आहे, पाय तुटलाय त्याचा.

सूर्यभान : ते मला बी दिसलं. भाषण न्हाई, काय न्हाई, शांत होतं समदं. मी पार जवळ जाऊन बसलो. अडवायला कुणी नव्हतं. खिडकीतून वारं यायलंय, लेकराच्या अंगावर पातळसंच कापड हाय. म्हणून रुमाल टाकून आलो माझा. चालंल ना? धुतलेला न्हाई.

अर्पिता : चालेल.

सूर्यभान : असू द्या मग रातभर. रडायलाव कामून?

अर्पिता : काही नाही. मामा, अजून एक काम कराल? हे जे आत्ता सांगितलंत, ते बाबांना जाऊन सांगा.

सूर्यभान : मी? मला तुमच्यातलं काय येतंय?

अर्पिता : काही यायला नको. जे बघितलं तेवढंच. मी सांगितलं तर ते ऐकतील, पण जाऊन आले ते तुम्ही.

सूर्यभान : अन् मेंढरं?

अर्पिता : काठी माझ्याचकडे आहे.

सूर्यभान : बरं. कोणती खोली म्हणायची?

अर्पिता : मागं, निळ्या दाराची. लोटलेलं आहे नुसतं.

सूर्यभान : झोपले असतील तर? आधी हाक मारू का?

अर्पिता : नको. दुपारपासून दाराकडंच बघत पडलेत.