कसले साठ?

...आणि वर मलाच म्हणतात, ही वर्ना फार प्रश्न विचारते! अहो, विचारीन नाही तर काय करीन? माणूस वॉकीटॉकीवर नुसतं "साठ!" म्हणून ओरडतो, तर जॅकच्या पंपावर बसलेली बाई विचारणारच ना, कसले साठ?

तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं मी पुलांखाली जॅक चालवतेय, अर्धं विस्कॉन्सिन राज्य उचलून परत जागेवर ठेवलंय म्हणा ना, पण एवढ्या वर्षांत कुणी मला जोराचा आकडा धड पूर्ण सांगितला असेल तर शपथ! इंजिनिअर लोकांचा सगळा हिशेब किपमध्ये. किप म्हणजे हजार पौंडांचा जोर. आणि आमच्या पंपावरचा काटा टनात, आमचा टन दोन हजार पौंडांचा. म्हणजे किपचे टन करायचे तर निम्मे करायचे, संपलं! पण ते निम्मे करायचे कुणी? इंजिनिअरला वाटतं फोरमन करेल, फोरमनला वाटतं आधीच केलेत...

तर तो किकापू नदीवरचा जुना पूल. एका टोकाचा गर्डर, म्हणजे पुलाची पोलादी तुळई, बोटभर उचलायचा, तो ज्यावर टेकतो ते खालचं गंजकं बेअरिंग काढायचं, नवं बसवायचं. फोरमन ऑर्व्हिल टोर्गेसन, आवाज असा की नदीपलीकडच्या गाई चरायच्या थांबतात. आणि गर्डरखाली, फळ्यांवर पालथा पडलेला त्याचा धाकटा भाऊ डेल्बर्ट. गर्डर उठेल तशा फटीत पोलादी चकत्या सरकवायच्या, हे त्याचं काम. हात मनगटापर्यंत आत!

ऑर्व्हिलच्या हातात ड्रॉइंग. "वर्ना, साठ! साठपर्यंत घे, त्याच्यावर नाही!"

घेतले बाई. दहा... वीस... पंचवीस... गर्डर ढिम्म! तीसवर काटा आला आणि वरून कुठूनतरी टण्ण असा आवाज झाला, जुन्या रंगाची खपली उडून माझ्या कॉफीत पडली. मी हात काढला. एकतीसवर काटा थरथरतोय, आणि मला फळ्यांवरचे डेल्बर्टचे बूट दिसतायत. बास, नुसते बूट.

"थांबलीस का?"

"ऑर्व्हिल, कसले साठ?"

"कसले म्हणजे? साठ म्हणजे साठ! आत्ताशी निम्म्यावर आलीयस, मार पंप!"

"कागदावर आकड्यापुढे काय लिहिलंय ते वाच."

"अगं बाई, चाळीस वर्षं पूल उचलतोय मी, तू मला वाचायला शिकवतेस?"

खालून डेल्बर्ट म्हणतो, "भांडणं नंतर करा रे, मला गार लागतंय!"

आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचीच शंका आली. वाटलं, याचंच बरोबर असेल, आपण उगाच सगळ्यांचा खोळंबा करतोय, मारावा आणखी चारदा पंप... हात दांड्यावर गेलासुद्धा होता. पण ते बूट! मी म्हटलं, "डेल्बर्ट, आधी बाहेर ये. तू बाहेर आलास की वाटेल तेवढं भांडते." तो आला, चकत्या खिशात घालून, कुरकुरत.

मग ऑर्व्हिलने फोन लावला, माझं नाक कापायला म्हणून मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा. इंजिनिअर मिस ह्यूबनर, पोरगी हुशार, बोलते भराभरा. "हो, साठच. साठ किप. का?"

"काटा टनात आहे," ऑर्व्हिल म्हणाला.

पलीकडून अगदी हळू, "आत्ता किती आहे?"

"एकतीस."

"उतरवा. हळूहळू. खाली कुणी नाही ना?"

दुपारी ती आली, टॉर्च घेऊन जॅकच्या वर गर्डरचा पत्रा तपासला. फुगला होता! एकतीसवर, तळहाताएवढा. बेअरिंग गंजून गर्डरला चिकटलेलं, म्हणून तो उठतच नव्हता. आधी ते सोडवायचं होतं. ती पोरगी म्हणाली, "साठ टनांना हा पत्रा दुमडून बसला असता," आणि टॉर्च खाली, डेल्बर्टच्या फळ्यांवर मारला.

ऑर्व्हिल काठावर जाऊन बसला. मी जाऊन शेजारी बसले. नदीकडे बघत म्हणाला, "आईला काय सांगितलं असतं मी?" त्या आवाजाने एक गाय हलली नसती. चीजचे तुकडे होते डब्यात, ते पुढे केले. खाल्ले त्याने.

आता तुम्ही म्हणाल, वर्नाचा सत्कार झाला असेल. झाला की! आठवड्याने ऑफिसचं पत्र आलं, कामात खोळंबा केल्याबद्दल समज. मी उभ्या उभ्या वाचलं. अहो, एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला आकडा, खोळंब्याचा का होईना, पूर्ण लिहून दिला होता: चार. पुढे स्वच्छ अक्षरात, तास.