एका पायाची काठी

“‘या वेळी चित्र हलू देऊ नकोस गं, मला गरगरतं,’ असं आई म्हणाली. म्हणून मोनोपॉड हवाय.”

फोटोच्या दुकानात माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“एका पायाच्या काठीनं तू काय दिवे लावणार? ट्रायपॉड घे.”

“धाकटीच्या लग्नाच्या गर्दीत तीन पाय पसरायला जागा कुठंय, दादा?”

“वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर तू आईला नुसती फरशीच दाखवलीस.”

“तू तेवढंही दाखवलं नाहीस. जेवत बसला होतास.”

दुकानदारानं हसत काठी तिच्या हातात दिली. “ताई, मुठीत आवळू नका, काठी पळून जाणार नाही. अलगद धरा, टोक बुटाला टेकवा आणि कमरेतून वळा.”

“हिची कंबर वळते का, ते विचारा आधी.”

“दादा, आईला अंथरुणावरून उठवत नाही. मी नीट दाखवेन असा शब्द दिलाय तिला. परवा तू बसतोस तिच्याजवळ?”

“मी? मला पाहुण्यांकडे बघायचंय.”

“तेच म्हणते मी. पाहुण्यांकडेच बघ.”

तिनं काठी घेतली आणि ती बाहेर गेली. फुटपाथवर काठी टेकवून, तिच्यावर फोन बसवून, रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीच्या मागोमाग ती सावकाश वळू लागली.

भाऊ दारातून म्हणाला, “लोक बघतायत.”

ती वळतच राहिली.