बसमध्ये आधी काय चढवायचं

दुकानदार : पण काकू, लांबचा प्रवास म्हणताय, वाटेत घाट आहे म्हणताय, मग या छोट्या चाकांच्या घडीच्या सायकलीच्याच मागे का लागलात? प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाईल.

बायको : घडी घातल्यावर वजन किती हिचं?

दुकानदार : घडी घातली म्हणून वजन थोडंच कमी होतं! बारा किलो.

नवरा : हेच मी घरून सांगत आलोय. मोठ्या चाकांची साधी सायकल घे. सायकल म्हणजे काय चादर आहे घडी घालायला?

बायको : चादरीची तरी कधी घातलीत?

दुकानदार : काका, तुम्ही बघा तर. सांधा असा जुळवायचा आणि ही मधली कडी दाबायची. खट्ट आवाज आला पाहिजे. अर्धवट राहिली तर उतारावर सायकल मध्येच दुमडेल.

नवरा : द्या इकडे.

(तो कडी दाबत राहतो. बायको त्याच्या बोटांकडे न बघता चाकाच्या तारांकडे बघत उभी राहते.)

दुकानदार : नवीन आहे, जरा घट्टच असते...

नवरा : घट्ट नाही. माझ्या हातात जोर नाही. सांग गं यांनाही. सगळ्या जगाला सांगून झालंयच.

बायको : यांचे स्नायू झिजतायत. आधी बोटं, आता पिंढऱ्या. पुढच्या हिवाळ्यात सायकल विसरा, म्हणाल्या डॉक्टर.

नवरा : म्हणून या हिवाळ्यात. समुद्रापर्यंत.

बायको : आणि वाटेत पाय थांबले तर? म्हणून घडीची. जिथे थांबाल तिथे सायकली मिटायच्या, येईल त्या बसमध्ये चढायचं.

नवरा : म्हणजे निघायच्या आधीच तू परतीची बस धरलीस.

बायको : धरली. कुणीतरी धरायला नको?

नवरा : बरं. आली बस. मिनिटभर थांबणार. दोन सायकली, सामान, आणि मी, धड उभं न राहता येणारा. आधी काय चढवशील?

बायको : तुम्हाला.

नवरा : मग?

बायको : मग बस निघेल.

नवरा : आणि सायकली?

बायको : राहतील रस्त्यावर.

नवरा : अगं, मग घडीची कशाला हवी?

दुकानदार : मी पाणी आणतो.

बायको : पाणी नको. अहो, मला काय कळत नाही? कितीदा मनात मांडून पाहिलं. या दोन हातांत तुम्ही आणि दोन सायकली मावतच नाहीत. पण घडीची आहे म्हटलं की मला निघवतं. मोठी बघितली की पाय गळतात. तुमचे गळायच्या आधी माझे.

नवरा : रडू नकोस. दुकान आहे.

बायको : असू दे दुकान.

नवरा : आधी का नाही बोललीस?

बायको : नकाशा पसरून इतके खुशीत बसला होतात. कुठल्या तोंडानं बोलणार?

नवरा : ...अहो, घडीच्याच द्या. दोन.

दुकानदार : पण काका, ती कडी?

बायको : यांची मी लावीन. रोज सकाळी.

नवरा : आणि तू जवळ नसलीस तर?

बायको : मी नसले तर कुठे निघाला आहात?

दुकानदार : उंची बघून घेऊ दोघांची. काका, आधी तुम्ही बसा.

नवरा : माझं राहू द्या. हिची सीट खाली करा आधी. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. माझ्यासाठी पुन्हा पुन्हा थांबायचं तर हिलाच आहे.