दूध ओतणारी बाई

न्हाई हो कल्याणभाऊ, तुमची बहीण न्हाई ती — बाई हाय नुसती, चित्रातली, दूध ओतणारी. तो मोबाईल खाली करा आधी. माझ्याच स्टेटसवरचा फोटो मलाच दावताय व्हय? टाकते ना मी, चित्र अर्धं झालं तरी टाकते, त्याच्यावरच तर गिऱ्हाईक येतं. बंगला बांधला की हॉलमधी हातानं काढलेलं मोठं ऑइलचं चित्र पाहिजेच असतं लोकांना, जुन्या नावाजलेल्या चित्रावरनं उतरवलेलं. तसलंच हाय हे, भंडारदऱ्याच्या एका हॉटेलवाल्याचं. मूळचं विलायती, लई जुनं — हे बघा, प्रिंट टाचून ठेवलीय की शेजारी. चेहरा? व्हय, चेहरा येगळा हाय, मी कुठं न्हाई म्हणते? हॉटेलवाला म्हणला, ताई, मडम नको, आपल्यातली बाई करा, नऊवारी नेसवा. मग काय, काढला मनानं. मनानं काढताना कुणाचं नाक येतं, कुणाचे डोळे येतात. आले असतील पंकजाचे. आता सगळ्या पुणतांब्यात तिच्यासारखी दुसरी दिसतच न्हाई का कुणी?

कुठला हात? — हां, तो व्हय. बरोबर हाय तुमचं, प्रिंटमधी डावा हात भांड्याखाली हाय, माझ्यात टेबलावर ठेवलाय. तेवढा बदल करावा लागतो कधी कधी. का म्हंजे? अहो, तिचं मनगटच वळत न्हाई तर ती भांड्याखाली कसा —

बाईचं. चित्रातल्या बाईचं म्हणते मी.

असं नका बघू, कल्याणभाऊ. मला भ्या वाटतं, खरं सांगते. बरं, बसली हुती ती. एकदा. प्रिंटवरनं साडीच्या चुण्या कळत न्हाईत, कुणीतरी नेसून समोर बसावं लागतं, तवा बसली हुती. पार दिवाळीच्या आधी. परत न्हाई आली, कुठं गेली मला ठावं न्हाई, आईची आन. हात नीट काढायचा हुता मला, भांड्याखाली, प्रिंटमधी हाय तसा — पण माझी खोड वाईट, समोर दिसतंय ते सोडून हात चालतच न्हाई. आन् तो हात तसा कशानं झाला, ते तुमी मला इचारताय? तुमीच इचारताय? तुमच्या दारात, तुमच्याच हातनं मोडला तो, सगळ्या गावानं ऐकलंय. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून चारचौघांत बोलला हुता तुमी, आता सापडली तर जित्ती सोडणार न्हाई. बोलला हुता का न्हाई? मग मी काय समजायचं, दारात तुमाला बघून?

आवं आवं, बोट नका लावू! — लागला ना रंग. थांबा, फडकं देते, टर्पेंटाइननं निघतंय. ओला? ओलाच असतो हो ऑइलचा रंग, लई दिवस वाळत न्हाई... न्हाई, दिवाळीपासनं न्हाई. एवढे महिने न्हाई राहत ओला. पण रंग नंतर भरलाय मी! आधी पेन्सिलीनं काढून ठेवलं हुतं, कागदावर. कागद... कागद सापडंना आता. सांडलं असंल काही त्याच्यावर, फेकला असंल.

बरं. तुमाला ह्या चेहऱ्याचाच तरास हाय ना? हा घ्या. हे फडकं, हे टर्पेंटाइन — बघा, डोळे गेले. नाक गेलं. निघतंय, ओलं हाय तवर निघतंय सगळं. लई मनापासनं काढला हुता, असा चेहरा पुन्हा जमंल का न्हाई कुणाला ठावं. जाऊ दे. पुसला. आता हाय का पंकजा ह्याच्यात? कुणीच न्हाई. तिथं दुसरी बाई बसवीन मी, मडमच बसवीन, हॉटेलवाल्याला सांगीन... काय झालं? तुमची बहीण नसती तर मी पुसलं नसतं, असंच म्हणायचंय ना तुमाला? तोंडावरनं दिसतंय तुमच्या. चुकलं माझं, पुसायला नको हुतं. — बसताय कशाला? इथं वाट बघून काय उपेग? कुणी येत न्हाई इथं, संध्याकाळी तर मी दारच लावून घेते. उठा ना भाऊ. पाया पडते तुमच्या, उठा.

फाटक वाजलं का? वारं असंल. बसा तुमी, मी बघते — न्हाई, मला जाऊ द्या ना, सोडा हात — पंकजा! आत येऊ नको! तुझा भाऊ हाय इथं, पळ! पंकजे, पळ!

...

कोण? भीमा, तू व्हय?

फ्रेमा आणल्यास? ठेव. तिथंच ठेव, उंबऱ्यापाशी. न्हाई रे, काही न्हाई झालं. जा तू.